मोजक्या मतांची बेटं

मराठवाड्याला समुद्र नाही, बेटं मात्र आहेत. पैठणला जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे नाथसागरात, झाडोरा असलेली तीसेक छोटी बेटं आहेत. हिवाळ्यात त्यांच्या कडेच्या उथळ पाण्यात रोहित उतरतात, पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, चक्रवाकांच्या जोड्या दिसतात. १९८६ साली सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. लहान बेटांवरचं पर्यटन आणि राजकारण या विषयाची प्रस्तावना किनाऱ्यापासून इतक्या लांब, छत्रपती संभाजीनगरात बसून का लिहायची, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर नाथसागर हेच आहे. पर्यटनाचा निर्णय कुठे होतो आणि त्याचे परिणाम कुठे होतात, यांतलं अंतर इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं.

ही बेटं निसर्गाने घडवलेली नाहीत. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, आणि मधल्या काळात गोदाकाठची गावं, मळे, देवळं पाण्याखाली गेली. जे उंचवटे वर राहिले ती आजची बेटं. मूळ आराखड्यात धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीजवळ व्हायचं होतं. ते वर पैठणला सरकलं, नाव तेवढं खालच्या गावाचं राहिलं. म्हणजे ही बेटं कुठे असावीत हेसुद्धा एका बैठकीत ठरलं.

त्यांचा आकार दरवर्षी नव्याने ठरतो, आणि तो नुसत्या पावसावर ठरत नाही. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आणलं. ते कसं राबवायचं यावरच्या मेंढेगिरी समितीच्या २०१३च्या अहवालानंतर प्राधिकरणाने सूत्र घालून दिलं: १५ ऑक्टोबरचा आढावा घ्यायचा आणि जायकवाडीतला साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरत असेल तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरी प्रत्येक तुटीच्या वर्षी भांडण नव्याने होतं. २०२३ साली ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला, वर आंदोलनं झाली, खाली आंदोलनं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेलं आणि नोव्हेंबर सरता सरता पाणी निघालं. समुद्राची भरती-ओहोटी चंद्रावर चालते, नाथसागराची मंत्रालयावर.

पाणी उतरलं की बेटांच्या पायथ्याची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. जलसंपदा विभाग ती हंगामापुरती कसायला देतो, आणि त्यात धरणग्रस्तांचा हक्क पहिला मानला जातो. ज्यांच्या आजोबांचा मळा पाण्यात गेला त्यांनी त्याच गाळात हरभरा पेरला तर त्यांना अतिक्रमण करणारे कसं म्हणायचं? पण त्याच पट्ट्यात पक्षी चरतात, आणि तिथेच पंप, खतं, औषधफवारणी पोचते. मासेमारीवर जगणाऱ्या कहार आणि भोई कुटुंबांचा हिशेब आणखी वेगळा. २०१७ साली अभयारण्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. त्यानंतर जलाशयावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचं ठरलं तेव्हा कहार समाजाच्या संघटनेने हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. तिथे यश आलं नाही, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. या सगळ्या वादात पर्यटन हा शब्द जवळपास नाहीच. सरकारी भाषेत पैठणचं पर्यटन म्हणजे धरणाखालचं संत ज्ञानेश्वर उद्यान, म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवरचं, कारंज्यांचं. त्याच्या नूतनीकरणाची घोषणा आमच्याकडे ऋतूसारखी येते. उद्यानाच्या फाटकाशी कोनशिला बसवता येते, पक्ष्यांच्या बेटावर ती बसवून वाचणार कोण?

या पुस्तकाचा विषय मी असा समजतो. लहान बेटावरचं पर्यटन टिकाऊ होणार की नाही, हे आराखडा चांगला की वाईट यावर फारसं ठरत नाही. आराखडे बहुतेक वेळा चांगलेच असतात. आपल्याकडे वाईट आराखडा लिहिणारा सल्लागार सापडणं कठीण. ठरतं ते याच्यावर की, निर्णयाचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला त्या बेटावरची मतं मोजावी लागतात का. बेट लहान, वस्ती थोडी, म्हणून मतं मोजकी. उत्पन्न मात्र मोठं, आणि ते ज्या गल्ल्यात पडतं तो गल्ला दुसऱ्या काठावर असतो. नाथसागरातल्या बेटांवर एकही मतदार नाही, तेव्हा तिथे हा प्रश्न अगदी नागवा दिसतो. वस्ती असलेल्या बेटावर तो अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि त्यासाठी घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला, जायला हवं.

घारापुरी मुंबई बंदराच्या पाण्यात आहे, पण जिल्हा रायगड आणि तालुका उरण. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या, हजार-बाराशेच्या आसपास माणसं. गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने तासाभरात पोचता येतं. १९८७ साली इथल्या लेण्यांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. तेव्हापासून जगभरच्या पुस्तिकांत त्रिमूर्तीचं छायाचित्र छापलं जात होतं, आणि बेटावर वीज नव्हती. संध्याकाळी काही तास पर्यटन महामंडळाचा जनरेटर चालायचा, तो थांबला की अंधार. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. वारसा मिळाल्यानंतर एकतीस वर्षांनी, आणि तेही देशाच्या आर्थिक राजधानीचे दिवे समोर दिसत असताना.

या उशिराचं कारण म्हणून पैसा आणि तंत्रज्ञान सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. घारापुरीचं पर्यटन दिवसाचं आहे. सकाळच्या बोटीने आलेला माणूस लेणी पाहून, पायऱ्यांवरच्या दुकानांतून काहीबाही घेऊन संध्याकाळच्या बोटीने परततो. पर्यटकाला मुक्कामाची परवानगी नाही. म्हणजे पर्यटनाच्या उत्पन्नासाठी रात्रीच्या विजेची गरजच नव्हती. गरज होती ती रात्री तिथे राहणाऱ्यांना. उरण विधानसभा मतदारसंघात मतदार लाखांत मोजले जातात, घारापुरीचे शेकड्यांत. शिवाय उरणच्या राजकारणाचा कणा जेएनपीटी बंदरासाठी आणि सिडकोच्या शहरासाठी गेलेल्या जमिनी, त्यांच्या मोबदल्यातले साडेबारा टक्क्यांचे भूखंड, प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्या हा आहे. ते प्रश्न खरे आहेत आणि मोठे आहेत; त्यांच्यासमोर एका बेटावरच्या अंधाराबद्दल किती वेळ बोललं जाणार?

बेटावर अधिकार कुणाकुणाचा आहे ते पाहा. लेणी आणि त्यांभोवतीचा भाग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा, म्हणजे दिल्लीचा. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. डोंगरावरचं जंगल वनविभागाचं. जेट्टी आणि जलवाहतूक मेरिटाइम बोर्डाकडे. किनाऱ्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमनाचे, निर्बंध. उपाहारगृह आणि महोत्सव पर्यटन महामंडळाकडे, वीज महावितरणकडे. उरलेल्यावर ग्रामपंचायत. लेण्यांच्या तिकिटाचे पैसे पुरातत्त्व खात्यात जातात, बोटीच्या तिकिटाचे गेटवेच्या बोटवाल्यांकडे. ग्रामपंचायतीच्या हाती प्रवाशामागे घेतला जाणारा किरकोळ कर येतो. कचरा मात्र सगळा तिच्याच हद्दीत पडतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बोटीत घालून परत न्यायचा खर्च कोणत्याच खात्याच्या अंदाजपत्रकात सहज बसत नाही.

अशा ठिकाणी लहान कामं अडतात आणि भव्य घोषणा चटकन होतात. शौचालय दुरुस्त करायला चार खात्यांची ना-हरकत लागते. शिवडीहून घारापुरीपर्यंत समुद्रावरून आठ किलोमीटरचा रोपवे मात्र एका पत्रकार परिषदेत जाहीर होऊ शकतो. मुंबई पोर्ट ट्रस्टने तो जाहीर केला त्याला कितीतरी वर्षं झाली, दोर अजून ताणला गेलेला नाही. तो झाला असता तर बोटींचं काय, पायथ्याची दुकानं कुणाच्या रस्त्यावर राहिली असती, रोज किती माणसं त्या डोंगराला पेलवली असती, हे प्रश्न घोषणेच्या बातमीत शोधून सापडत नाहीत. सुरक्षिततेचंही तसंच. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसू नयेत हा नियम आधीही होता, पण बोट ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे त्या बेटवाल्यांच्या हातात तो राबवून घेणं कधीच नव्हतं.

इथे आमच्या जिल्ह्यातल्या एका अनुभवाकडे थोडं वळतो, कारण त्यात उलट बाजूही दिसते. अजिंठा-वेरूळ विकासासाठी जपानकडून कर्ज घेण्याचा पहिला करार १९९२ साली झाला. त्यातून पुढे फर्दापूरच्या टी-पॉइंटला खासगी गाड्या अडवायच्या, तिथून लेण्यांपर्यंत एसटीच्या बसने न्यायचं, पायथ्याची दुकानं टी-पॉइंटला हलवायची असं ठरलं. एका अर्थी अजिंठ्याचं बेट केलं गेलं. त्या वेळी कुरबुरी झाल्या, पण व्यवस्था टिकली. धूर आणि गर्दी लेण्यांपासून काही किलोमीटर लांब राहिली. त्याच प्रकल्पातून पुढे उभं राहिलेलं, लेण्यांच्या प्रतिकृती असलेलं भव्य अभ्यागत केंद्र मात्र पाणी-विजेच्या थकबाकीत अडकून बंद पडलं. दोन्हींमागे एकच प्रकल्प, जपानचंच कर्ज. फरक मला असा दिसतो की, बसचं तिकीट रोज कुणाच्या तरी हातात पडतं आणि ती बंद झाली तर त्याच दिवशी ओरड होते. केंद्र बंद पडल्याने कुणाचीच चूल विझली नाही. पर्यटनातली एखादी चांगली गोष्ट टिकावी असं वाटत असेल तर ती बंद पडल्यावर भांडायला येणारी माणसं आधी तयार करावी लागतात. 

‘पर्यटनात राजकारण नको’ हे वाक्य या विषयावरच्या प्रत्येक परिसंवादात ऐकू येतं. मला ते मान्य नाही. जायकवाडीला हक्काचं पाणी मिळालं ते राजकारणामुळेच: कायदा झाला, मोर्चे निघाले, याचिका झाल्या, आमदार विधानसभेत ओरडले. नको आहे ते बेटाबाहेरून चालणारं राजकारण. गोव्यात ऑगस्ट २०२१ मध्ये साओ जासिंतो बेटावर नौदलाच्या ध्वजवंदनाला स्थानिकांनी हरकत घेतल्याची बातमी देशभर गाजली आणि बेटवाल्यांच्या देशभक्तीची चौकशी सुरू झाली. मुळात त्यांची धास्ती नव्या बंदर कायद्याने आपली जमीन जाईल ही होती. नंतर तिथे तिरंगा फडकला, तो बेटवाल्यांच्या सहभागानेच. धास्तीची चर्चा मात्र ध्वजाच्या बातमीखाली दबली. मालवणलाही, घारापुरीला जागतिक वारसा मिळाला त्याच १९८७ साली, सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांना विश्वासात न घेता आल्यामुळे ते त्यांनी कधी आपलं मानलं नाही. पुढे तारकर्लीला स्कूबा आलं, पर्यटक आले, प्रवाळ पाहायला लोक रांगा लावू लागले, आणि ते प्रवाळ राखायचं कुणी हा प्रश्न ज्याच्या त्याच्या बोटीवर सोडला गेला.

लक्षद्वीपचं उदाहरण तर या पुस्तकाच्या मध्यभागीच हवं. सगळं मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन, दहा बेटांवर वस्ती, २०११च्या जनगणनेत चौसष्ट हजारांवर लोक, लोकसभेत एक खासदार आणि विधानसभा नाही. कारभार दिल्लीने नेमलेल्या प्रशासकाचा. २०२१ साली प्रशासक प्रफुल खोडा पटेल यांच्या काळात विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा आला. विकासासाठी कुठलीही जमीन नियोजनाखाली घेण्याचे त्यात असलेले अधिकार पाहून बेटांवर विरोध पेटला आणि शेजारच्या केरळ विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला. ज्यांना स्वतःची विधानसभा नाही त्यांच्या बाजूने दुसऱ्याच्या विधानसभेला बोलावं लागलं. विकास म्हणायचा तर आधी पाणी पाहावं: प्रवाळबेटावर खाली खारं पाणी आणि त्यावर गोडं पाणी दुधावरच्या सायीइतकं पातळ साचलेलं असतं. खोल्या वाढल्या, उपसा वाढला, सांडपाणी मुरलं की पहिली विहीर खारी होते ती गावकऱ्याची. मग जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची तिथली छायाचित्रं आली, त्यावरून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी असभ्य शेरे मारले, त्या उपमंत्र्यांना निलंबित केलं गेलं, आणि आपल्याकडे मालदीवची तिकिटं रद्द करणं ही देशसेवा ठरली. २०२३ साली मालदीवला जाणाऱ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते. २०२४ मध्ये ती जागा चीनने घेतली. लक्षद्वीपला जायला निघालेल्यांपैकी किती जणांनी तिथल्या विहिरींची चौकशी केली असेल, हा प्रश्न मी माझ्याच गावातल्या प्रवासप्रेमींना विचारून पाहिला आहे. उत्तरादाखल मला विमानाच्या वेळा सांगण्यात आल्या.

खुद्द मालदीवचा इतिहास आपल्याला अधिक उपयोगी आहे. तिथे पर्यटन १९७२ साली सुरू झालं ते निर्जन बेटांवर, एका बेटावर एक रिसॉर्ट या पद्धतीने. पाहुणे एका बेटावर, प्रजा दुसऱ्या. पर्यावरणाच्या दृष्टीने या पद्धतीचं कौतुक झालं, कारण गर्दी आवाक्यात राहिली. पण रिसॉर्टसाठी बेट भाड्याने कुणाला द्यायचं हे सत्तेजवळ कोण आहे यावर अवलंबून राहिलं, आणि अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम तीस वर्षं सत्तेवर होते. २००८ साली पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक झाली, मोहम्मद नशीद निवडून आले, आणि त्यांच्या काळात वस्तीच्या बेटांवर स्थानिकांना गेस्टहाउस काढायची मुभा मिळाली. माफुशीसारखं बेट काही वर्षांत छोट्या हॉटेलांनी भरून गेलं. त्याचे तोटेही लगेच दिसले: कचरा, किनाऱ्याची धूप, पाण्याचा ताण. तरीही मी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. माफुशीचा कचरा माफुशीच्या लोकांना दिसतो आणि बेटाच्या कौन्सिलच्या निवडणुकीत त्यावर मत देता येतं. रिसॉर्टचा कचरा थिलाफुशीला, म्हणजे कचऱ्यासाठीच भराव घालून केलेल्या बेटावर जातो, आणि पाहुण्याला तो कधी दिसतही नाही.

वाचकांनी हे पुस्तक हाती धरताना प्रत्येक बेटाला तीन गोष्टी विचाराव्यात अशी माझी विनंती आहे: तिकिटाचा पैसा कुठे थांबतो, कचरा कुठे थांबतो, आणि ज्या कार्यालयातून परवाना निघतो तिथल्या माणसाला बेटावरच्या मतदाराची गरज आहे का. सगळ्यांत आधी ही परीक्षा घारापुरीवर करून पाहावी. वीज आल्यापासून तिथे मुक्कामी पर्यटनाची मागणी होणार हे उघड आहे, आणि ते वावगंही नाही; आपल्या घराची एक खोली पाहुण्याला द्यावी, रात्रीचं जेवण करून घालावं, यात बेटाचं नुकसान नाही. पण परवानगी आली तर ती दोन तऱ्हांनी येऊ शकते. एकीत तिन्ही वाड्यांतल्या घरांना ठरावीक खोल्यांची मर्यादा घालून ग्रामसभेमार्फत नोंदणी होते आणि कराचा वाटा पंचायतीकडे राहतो. दुसरीत किनाऱ्यालगतची जागा निविदेने एखाद्या कंपनीला तीस वर्षांसाठी मिळते, आणि शेतबंदरच्या पोरांना तिथे वेटरची नोकरी मिळते. मालदीवने २००८ नंतर पहिल्या तऱ्हेचा नियम केला, कारण तोपर्यंत बेटवाल्यांच्या मतांवर सरकार बदललं होतं. घारापुरीची मतं उरणचा निकाल बदलत नाहीत. त्यामुळे तो नियम लिहिला जाईल तेव्हा मसुद्यावर हरकती मागवण्याची मुदत किती दिवसांची आहे, आणि जाहीर सुनावणी बेटावर ठेवली आहे की मुंबईतल्या एखाद्या सभागृहात, हे मी आधी पाहीन.